ब्रँडिंग म्हणजे काय रे भाऊ?

दोन वर्षांपूर्वीचे आपले प्रकल्प प्रदर्शन कोणाला आठवते का? नाही ना? त्यात तुमचा दोष नाही. सेमिनार हॉलमध्ये टेबले मांडली होती, गेटवर फ्लेक्स होता, आणि फ्लेक्सवर एक दातेरी चाक व त्याच्या पोटात बल्ब. बघायला आले कोण? आपण, आपले सर-मॅडम, आणि नाश्ता आहे असे कळल्यावर फर्स्ट इयरची पोरं. गेटसमोरच्या चहावाल्या काकांना मी विचारले, "काका, तुम्ही आला नाहीत प्रदर्शनाला?" काका म्हणाले, "कशाचं प्रदर्शन? मला वाटलं आत कुणी नवं गॅरेज काढलं."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण माझ्या रूममेटला हसू आले नाही. तो मेकॅनिकलचा. त्याने चार महिने वर्कशॉपमध्ये राबून उसाची मोळी ट्रकवर चढवायचे एक साधन केले होते. ट्रकच्या फाळक्याला अडकवायची चौकट, वर कप्पी, खाली हाताने फिरवायचे हँडल. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढणे म्हणजे काय, हे त्याने लहानपणी रोज पाहिलेले. आणि त्याचे हे साधन बघितले कोणी? एक्स्टर्नल सरांनी, चार मिनिटे. ज्यांच्या मानेसाठी ते केले, त्यांच्यापैकी एकानेही नाही.

म्हणून पुढच्या वेळी प्रदर्शन कॉलेजात न भरवता केजला न्यायचे ठरले. मी त्याच तालुक्यातला आणि मला कोरलड्रॉ येते, एवढ्या दोन गुणांवर "ब्रँडिंगचं तू बघ" असे फर्मान निघाले. माझ्या जोडीला चार ब्रँचेसमधून सहा जण दिले. त्यात लेडीज हॉस्टेलच्या दोघी. हा लेख त्या सात जणांनी काय केले त्याचा आहे. पुढच्या बॅचला उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहितो.

पहिली चूक माझीच. सात जण दिले असताना मी एकट्याने रात्री तीनपर्यंत जागून लोगो केला. निळा गोल, त्याभोवती फिरणाऱ्या कक्षा, मध्ये कॉलेजच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे, खाली सावली. मला तर इस्रोला पाठवावा इतका आवडला होता! सकाळी ग्रुपला दाखवला तर सगळे गप्प. शेवटी कॉम्प्युटरची एक मुलगी म्हणाली, "छान आहे. पण हे कशाचं आहे, ते आपण कुणाला तरी विचारू या." आम्ही प्रिंट काढून चहाच्या टपरीवर चिकटवली आणि येईल त्याला एकच प्रश्न विचारला, "हे कशाचं वाटतं?" उत्तरे वहीत लिहिली. मोबाईल टॉवर. डिशचे कनेक्शन. बँक. एक जण म्हणाला, नवे क्लासेस. प्रदर्शन कोणीही म्हणाले नाही, आणि केजचे तर नाहीच नाही.

खरे सांगतो, मला राग आला होता. दोन दिवस मी ग्रुपच्या मीटिंगला गेलोच नाही. रविवारी घरी गेलो आणि मामांना डबा द्यायला केजच्या मोंढ्यात गेलो. (मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी: मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, बाकीचे ज्याला मार्केट यार्ड म्हणतात ते.) मामा तिथे हमाली करतात. शाळा दुसरीपर्यंत. थप्पीत वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची पोती एकावर एक रचलेली, आणि मामा लांबूनच सांगत होते, हे अमक्याचं, ते तमक्याचं. मी विचारले, वाचता न येता कसे कळते? मामा म्हणाले, "वाचायचं कशाला? मार्का दिसतोय की!"

मार्का! पत्र्यात अक्षरे किंवा खूण कापायची, तो पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. झाला मार्का. मामांना त्यातले अक्षर येत नव्हते, पण आकार पाठ होता, आणि आकारामागचा माल कसा असतो तेही पाठ होते. "ह्या मार्क्याच्या पोत्यात खडे नसतेत," हे त्यांचे वाक्य मी बसच्या तिकिटावर लिहून घेतले. आपण ज्याला इंग्रजीत ब्रँड म्हणतो तो शब्दही जनावराला तापल्या लोखंडाने डाग देण्यावरून आलेला आहे. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, लांबून ओळखू येणारी खूण. दुसरी, त्या खुणेमागची हमी. माझ्या निळ्या गोलात पहिलीही नव्हती आणि दुसरीही नव्हती. सावली मात्र होती.

सोमवारी ग्रुपची माफी मागितली (दोन प्लेट भजी, माझ्या खर्चाने) आणि आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी कॉम्प्युटर उघडायचाच नाही, असे ठरवले. आधी तीन प्रश्नांची उत्तरे सातही जणांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायची. आपण कोणाला बोलावतोय? तो आपल्याकडून काय घेऊन जाणार? रस्त्याच्या पलीकडून त्याला हे कळेल का? चिठ्ठ्या उघडल्या तर पहिल्याच प्रश्नाला पाच वेगवेगळी उत्तरे! कंपन्यांचे लोक, बारावीची मुले, पत्रकार, शेतकरी, "सर्व". ग्रुपमध्ये डिझाइनवरून जी भांडणे होतात ती बहुतेक वेळा रंगावरून नसतात, ती या चिठ्ठीवरून असतात. फक्त चिठ्ठी कोणी उघडलेली नसते. त्या दिवशी दोन तास वाद झाला. शेवटी रूममेट म्हणाला, "माझी आई आली पाहिजे. बाकी कुणी आलं तर येऊ द्या." त्यावर कोणी काही बोलले नाही.

एकदा हे ठरल्यावर तारीखही त्यातूनच ठरली. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळा लागता लागता परततात. फेब्रुवारीत प्रदर्शन भरवले असते तर आमचा पाहुणा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असता. म्हणून एप्रिल, तोही आठवडी बाजाराचा दिवस, मोंढ्याजवळच्या शाळेचे पटांगण. सबमिशनच्या तोंडावर प्रदर्शन म्हणून काही स्टाफ नाराज होता. पण सरांनी सांभाळून घेतले.

मग नाव आणि ओळ. नावांची यादी नेहमीचीच निघाली, 'टेक्नो' आणि 'इनोव्हा' यांनी सुरू होणारी. ती फाडून टाकली. नावच नको, 'विद्यार्थ्यांचे प्रकल्प प्रदर्शन' एवढे साधे पुरे, पण त्यावर एक ओळ हवी. ओळ सापडली ती वैतागातून. सिव्हिलचा मित्र जुन्या प्रदर्शनाचे सामान काढत होता. प्रत्येक टेबलावर ठेवायच्या पाट्यांचा गठ्ठा निघाला : 'कृपया हात लावू नये'. त्याने ती पाटी माझ्यासमोर आपटली. "लोकांना बोलवायचं आणि वर असलं लिहायचं!" आणि तिथेच ओळ झाली : हात लावून बघा.

बघा, ही नुसती जाहिरातीची ओळ नाही. ती हमी आहे, पोत्यात खडे नसल्यासारखी. ती द्यायची म्हणजे प्रत्येक मॉडेल हात लावण्याजोगे पाहिजे. थर्मोकोलची मॉडेल्स बाद. लूज वायरिंग बाद. इलेक्ट्रिकलच्या दोन ग्रुपना सगळे पॅनेल पुन्हा बंदिस्त करावे लागले, अर्थिंग तपासावे लागले. ब्रँडिंगवाल्यांनी वर्कशॉपवाल्यांना कामाला लावले म्हणून आम्ही आठवडाभर शिव्या खाल्ल्या.

आता चिन्ह. हात लावून बघा म्हटल्यावर साहजिकच आम्ही हाताचा पंजा काढला. सुंदर आला. टपरीवर चिकटवला. काका म्हणाले, "ह्या वेळेस काँग्रेसचं तिकीट कुणाला हाय?" संपले! मग लक्षात आले की आपल्याकडे चिन्हांचा दुष्काळ आहे. कमळ गेलेले, घड्याळ गेलेले, धनुष्यबाण गेला, मशाल गेली, तुतारी गेली, इंजिन गेले. जे उरले ते अपक्षांना. ट्रॅक्टर काढला तर पंचायत समितीचा कोणी तरी उमेदवार आठवतो. रंगांचे तर विचारूच नका. भगवा, हिरवा, निळा, पिवळा... आमच्या तालुक्यात रंग हा नुसता रंग नसतो. फ्लेक्सचा रंग बघून माणूस ठरवतो की हा मंडप आपला की त्यांचा. गेल्या काही वर्षांत तर हे फारच वाढले आहे. आम्हाला तर सगळ्याच वाड्या-वस्त्यांवरची माणसे एका मंडपात हवी होती. त्यामुळे रंग निवडणे हे आमचे सर्वांत जोखमीचे काम होते, सौंदर्याचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे चिन्ह अशक्य नसते. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाला बापूंचा चष्मा दिला तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी. दोन भिंगे आणि मधली दांडी, बस. पण असले चिन्ह मागवून येत नाही. आमच्याकडे आले नाही, हे आम्ही कबूल केले आणि चिन्हाचा नाद सोडला. मोंढ्यातला मार्काच घ्यायचा : तागाचे जुने पोते, त्यावर काळा रंग, आणि छाप्याने उमटवलेली अक्षरे. पोत्याचा रंग कुठल्याच पक्षाचा नाही, आणि बाजाराला आलेल्या प्रत्येकाच्या घरी तो आहे.

याच सुमारास लायब्ररीत एका जाड पुस्तकात एक गोष्ट सापडली. जर्मनीतल्या वायमार गावी १९१९ साली बाउहाउस नावाची कलाशाळा सुरू झाली. तिने १९२३ मध्ये मोठे प्रदर्शन भरवले. हौस म्हणून नव्हे. शाळेला पैसा पुरवणाऱ्या राज्य सरकारला काम दाखवायचे होते. त्याचे पोस्टर केले योस्ट श्मिट या विद्यार्थ्याने, कॅटलॉगचे मुखपृष्ठ हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याने. जाहिरातीची वीस पोस्टकार्डे काढली, काही क्ले आणि कांडिन्स्की यांच्यासारख्या शिक्षकांनी, तर काही विद्यार्थ्यांनी. प्रत्येक कार्डाचा हात वेगळा. आणि गंमत म्हणजे पोस्टरवर छापले होते जुलै ते सप्टेंबर, पण प्रदर्शन उघडले १५ ऑगस्टला! तारीख पुढे ढकलणे ही केवळ आपल्या एचओडी मीटिंगची खासियत नाही. त्यातून आम्ही एक घेतले : सगळ्यांनी एकाच हाताने काढायची गरज नाही, पण मजकूर आणि साहित्य एक पाहिजे. म्हणून नियम केला. बोर्ड कोणीही करो, पोते, काळा रंग आणि एकच छापा. बाकी मोकळीक.

ग्रुपमधल्या अंबाजोगाईच्या मुलीने तर आम्हाला जर्मनीहून थेट शेजारच्या तालुक्यात आणले. "एवढ्या लांब कशाला जाता? आमच्याकडे दासोपंतांची पासोडी आहे." संतकवी दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय अक्षरे आणि आकृत्या यांनी मांडला, आणि ते कापड अंबाजोगाईत आजही जपलेले आहे. वेदान्ताला तक्ता! आमचे पोत्याचे बॅनर मग एकदम खानदानी वाटू लागले.

आता जरा तांत्रिक. छापा कापायला आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्म वापरल्या. त्या लवचिक असतात, ओल्या होत नाहीत आणि कटरने स्वच्छ कापतात. देवनागरीचा छापा कापताना दोन अडचणी येतात. 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि छापल्यावर नुसता ठिपका उमटतो. 'ब' मध्ये तर तसे दोन तुकडे. त्यासाठी पोटाला बाहेरच्या फिल्मशी जोडणारा अरुंद पूल ठेवावा लागतो. दुसरी अडचण शिरोरेषेची. सलग शिरोरेषा म्हणजे फिल्ममध्ये एक लांबच लांब फट. फिल्म तिथे लुळी पडते, उचलते आणि रंग खाली शिरतो. सिव्हिलवाल्याने लगेच सांगितले, "इथं आधार द्या." म्हणून प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा तोडली. ती तुटक शिरोरेषाच पुढे आमची ओळख झाली. बॅनरचा तुकडा दिसला तरी कळायचे की हे आपलेच. खरे तर ती कोणी डिझाइन केलेलीच नव्हती. रंग थोडा घट्ट ठेवायचा आणि बोळा घासायचा नाही, टिपायचा. तागात पातळ रंग पसरतो. पोती उसवून दाभण-सुतळीने जोडली. लेडीज हॉस्टेलच्या दोघींनी आम्हा पाच जणांना दाभण धरायला शिकवले.

अक्षर किती मोठे? पाट्या करणारे ढोबळ हिशेब सांगतात : दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून, वाचायचे तर सहा इंच. आम्ही आठ घेतले, कारण मराठीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, आणि वाचणाऱ्याचा चष्मा बहुधा घरी असतो.

एक फ्लेक्स मात्र करावाच लागला, बीड-अंबाजोगाई रस्त्यावर, कारण पोत्यावर बाण आणि पत्ता मावेना. मी मजकूर टाइप करून एका दुकानात पाठवला. छापून आला तो असा : 'विद्यार्थ्यांचे प्रकल्प प्रदशर्न'. रफार श वरून उडून न वर! आणि हे मला कळले फ्लेक्स खांबावर चढल्यावर, तेही एका मराठीच्या मास्तरांच्या फोनवरून. दोष कोणा एकाचा नाही, कारण समजून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात, म्हणजे आधी श, मग त्याच्या डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात, आधी र्, मग श. एकातून दुसऱ्यात नेताना क्रम बदलला नाही की रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. ऱ्हस्व वेलांटीचेही तेच. उपाय सोपा आहे : मजकूर आपल्याच संगणकावर नीट तपासा, कर्व्हमध्ये बदला आणि पीडीएफ पाठवा. मग दुकानातल्या फॉन्टचा संबंधच उरत नाही. आणि छापण्याआधी प्रूफ ग्रुपमधल्या अशा माणसाने वाचावे ज्याने ते टाइप केलेले नाही. बारीक मजकुरासाठी आम्ही मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त' हा फॉन्ट वापरला. तो फुकट मिळतो आणि लहान आकारातही सुटसुटीत वाचता येतो. तुमच्या विंडोजमधला 'मंगल' आठवतो ना? तो र. कृ. जोशींनी घडवलेला. ते मुंबई आयआयटीच्या आयडीसीत शिकवत. म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांनी अक्षराकडे बघू नये असा काही नियम नाही.

पण सगळ्यांत जास्त भांडण झाले ते प्रकल्पांच्या नावांवरून. 'डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ अमुक तमुक' हे नाव मार्कशीटवर राहू द्या, बोर्डावर मात्र बघणाऱ्याचा प्रश्न लिहा, असे आमचे म्हणणे. काही ग्रुपना हा अपमान वाटला. एका गाईड मॅडमनी स्पष्ट विचारले, "याने प्रोजेक्टची लेव्हल खाली येणार नाही का?" शंका रास्त होती. मग असे ठरले की वर छाप्याने प्रश्न आणि खाली कागदावर पूर्ण शास्त्रीय नाव, आकृती, मोजमापे. रूममेटच्या बोर्डावर आले : 'मोळी डोक्यावर न घेता गाडी भरता येईल?' मोटार स्टार्टरवाल्यांचे : 'लाइट रात्री दोनला आली तर उठायचं कोणी?' काही ग्रुपना प्रश्नच लिहिता येईना. चार दिवस बसूनही आला नाही. त्यांचे प्रकल्प वाईट नव्हते, पण कोणासाठी केला हे त्यांनाही पहिल्यांदाच विचारले गेले होते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत कुत्रे नव्हते. माझ्या पोटात गोळा. साडेदहाला बाजारातून दोन बायका डोक्यावर गाठोडी घेऊन आल्या, पोत्याच्या कमानीखाली थांबल्या आणि त्यातली एक म्हणाली, "इथं काय इकायलेत?" दुसरीने पोत्याला हात लावून बघितले. मग आत आल्या. त्यानंतर मात्र लोक येतच राहिले. हात लावून बघा म्हटल्यावर लोक खरोखरच हात लावतात, हे लिहून ठेवा. दुपारपर्यंत एका पोराने ठिबकचा व्हॉल्व्ह उपटला, एका आजोबांनी स्टार्टर इतक्या वेळा चालू-बंद केला की फ्यूज गेला. सुटे भाग दुप्पट न्या.

रूममेटची आई आली तीन वाजता, वस्तीवरच्या पाच-सहा बायकांसोबत. तिने बोर्ड वाचला नाही, तिला वाचता येत नाही. सोबतच्या मुलीने वाचून दाखवला. मग ती पुढे झाली, हँडल फिरवले, मोळी वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने नाही वाजवल्या. तिने मोळी खाली आणली, कडी सोडवली, पुन्हा अडकवली, पुन्हा सोडवली. म्हणाली, "गाडी भरायची येळ रातची. अंधारात ही कडी कुठं घावायची? आन् हे लावूस्तोवर चार मोळ्या वर जातेत." सोबतच्या बायका हसल्या. रूममेटचा चेहरा पडला. सरांनी मात्र खिशातून पेन काढले आणि तिला विचारले, "मग कशी पाहिजे?" तिने ओढणीचा पदर कडीतून ओवून दाखवला : कडी नको, नुसता आकडा, तोही तळहाताएवढा मोठा, म्हणजे न बघता अडकतो.

परतीच्या बसमध्ये तो पूर्ण वेळ वहीत आकडा काढत होता. नवीन चौकट सध्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या मागे उभी आहे. जाऊन बघा, हात लावून.

छाप्याच्या फिल्म माझ्या कपाटात आहेत, रूम सोडताना रेक्टर सरांकडे ठेवून जाईन. 'ल' थोडा फाटलाय, मागून सेलोटेप लावून घ्या. मोठा बॅनर हॉस्टेलच्या पोर्चमध्ये होता. पावसाळ्यात कोणीतरी तो पाय पुसायला दारात टाकला. ज्याने टाकला त्याने धुऊन परत द्यावा.